पाल्हाळ, पुनरुक्ती आणि पिशाच्च

'मालिका संथ आहे आणि तेच तेच सांगते' हे विधान वर्णन आहे की निर्णय? आपल्या विद्यापीठीय समीक्षेत ते निर्णय म्हणून उच्चारले जाते. वर्णन म्हणून ते सिद्ध करण्याची तसदी मात्र सहसा कोणी घेत नाही. कथेचा वेग किती असावा, तो कोणत्या प्रकाराच्या संदर्भात मोजावा, पुनरावृत्ती नेमकी कशाची होते (घटनेची, प्रसंगाची, वाक्याची की भयाची) हे प्रश्न विचारण्याआधीच निकाल लागलेला असतो. याच्या उलट बाजूला गेल्या काही वर्षांत एक नवे वकीलपत्र रूढ झाले आहे. त्याच्या मते संथपणा हाच मालिकेचा रूपबंध, पुनरावृत्ती हेच तिचे राजकारण, आणि त्याबद्दल तक्रार करणारा वाचक अभिजनवादी. माझे भांडण या दोन्ही पक्षांशी आहे, परंतु दुसऱ्याशी अधिक आहे. कारण त्या पक्षाची काही शस्त्रे मीच पाजळून दिली होती.

निमित्त असे घडले. माझ्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी.चे काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने भयकथेच्या मालिकारूपावरील प्रकरणात 'डार्क शॅडोज' या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेचा विचार केला. समितीसमोर तिने ते वाचले तेव्हा एका ज्येष्ठ सदस्यांनी 'मालिका अतिशय संथ, प्रसंग पुनरुक्त. वाङ्मयीन विवेचनास अपात्र' एवढाच शेरा दिला. विद्यार्थिनीने उत्तरादाखल टानिया मोडलेस्की आणि रॉबर्ट अ‍ॅलन यांची नावे घेतली, जेरार झेनेतच्या कथनमीमांसेतील 'वारंवारता' ही संज्ञा पुढे केली आणि संथपणाचे संपूर्ण समर्थन केले. बाहेर आल्यावर तिने विचारले, "मॅडम, माझं काही चुकलं का?" मी नाही म्हणाले. घरी जाऊन त्या मालिकेचे काही भाग पुन्हा पाहिले आणि लक्षात आले की तिचे चुकले होते, आणि ते माझ्यामुळे चुकले होते.

मालिकेची हकीकत आधी सांगायला हवी, कारण या वादात दोन्ही बाजूंची मते तिच्या तपशिलापासून फटकून राहिली आहेत. डॅन कर्टिस या निर्मात्याची ही मालिका एबीसी या वाहिनीवर २७ जून १९६६ रोजी सुरू झाली आणि २ एप्रिल १९७१ रोजी संपली. आठवड्याचे पाच दिवस, जाहिरातींसह अर्धा तास. एकूण १२२५ भाग झाले. जाहिराती वगळून एका भागाचा काळ सुमारे बावीस मिनिटे धरला तर हे कथन साडेचारशे तासांच्या आसपास जाते. मेन राज्यातील कॉलिन्सपोर्ट हे काल्पनिक बंदर, टेकडीवरचा कॉलिन्सवूड नावाचा वाडा, तेथे आगगाडीने येणारी व्हिक्टोरिया विंटर्स ही अनाथ शिक्षिका, अठरा वर्षे वाड्याबाहेर पाऊल न टाकलेली मालकीण एलिझाबेथ. शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर'चा वारसा उघड आहे. सुरुवातीचे कित्येक आठवडे अलौकिकाची केवळ कुजबुज आहे. एप्रिल १९६७ मध्ये शवपेटीतून बार्नबस कॉलिन्स हा रक्तपिपासू पुरुष बाहेर येतो आणि मालिकेचे भाग्य पालटते. त्या आधी प्रेक्षक घटल्यामुळे ती बंद पडण्याच्या बेतात होती.

प्रथम समितीतील ज्येष्ठांच्या शेऱ्याकडे वळू. 'संथ' म्हणजे कशाच्या तुलनेत संथ? गॉथिक हा लेखनप्रकार जन्मापासून विलंबावर जगत आलेला आहे. अ‍ॅन रॅडक्लिफच्या 'मिस्टरीज ऑफ उडोल्फो' (१७९४) या चार खंडांच्या कादंबरीत नायिका एका काळ्या पडद्याआड काहीतरी पाहते आणि बेशुद्ध पडते. तिने काय पाहिले हे वाचकाला कादंबरी संपत आल्यावर कळते. ती मेणाची आकृती निघते. जेन ऑस्टेनने 'नॉर्थँगर अ‍ॅबी'त या पडद्याची यथेच्छ थट्टा केली, पण थट्टा करतानाही तिने हे ओळखले होते की या प्रकारातील आनंद पडद्याआडच्या वस्तूत नाही, पडदा न उचलला जाण्याच्या अवधीत आहे. तो अवधी काढून टाका; उरते ते मेण.

दुसरे असे की ज्येष्ठ समीक्षक मालिकेला ग्रंथाच्या मापाने मोजतात. ही चूक मराठी समीक्षेला नवी नाही. हरिभाऊ आपट्यांच्या पाल्हाळाबद्दलची तक्रार आपण पाठ्यपुस्तकांतून शिकलो आणि आता शिकवतो. परंतु 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक'च्या वाचकाने १८९० पासून अंकाअंकाने वाचली. आठवडाभराच्या अंतराने वाचणाऱ्याला जे स्मरण करून देणे आवश्यक असते, तेच बांधीव पुस्तक सलग वाचणाऱ्याला पाल्हाळ वाटते. 'डार्क शॅडोज'चा प्रत्येक भाग आदल्या भागाच्या अखेरच्या प्रसंगाने उघडतो, आणि तो प्रसंग पुष्कळदा नटांनी पुन्हा उभा केलेला असतो. स्वर किंचित निराळा, थांबण्याची जागा निराळी. १९६६ च्या घरात मालिका मुद्रित करून ठेवण्याचे साधन नव्हते. चुकलेला भाग चुकलाच. २०१२ मध्ये संपूर्ण मालिका १३१ डीव्हीडींच्या संचात बाजारात आली आणि ती सलग पाहणाऱ्यांची नवी पिढी तयार झाली. आमच्या समितीतील सदस्यांनी जे थोडे पाहिले असेल (पाहिले असेल असे मी सौजन्याने धरते) ते याच सलगतेत पाहिले असणार. पाच दिवसांचा उपवास सोडून एका बैठकीत पाच जेवणे जेवायची आणि आचाऱ्याला अजीर्णाचा दोष द्यायचा, असा हा प्रकार आहे.

इथपर्यंत माझी विद्यार्थिनी आणि मी एकमताने चालत होतो.

आता तिच्या, म्हणजे माझ्या, समर्थनाची तपासणी. मोडलेस्कीने 'लव्हिंग विथ अ व्हेन्जन्स' (१९८२) या ग्रंथात दुपारच्या मालिकांचा खंडित, लांबणारा लयबंध घरकामाच्या खंडित लयीशी जोडला. विवेचन मार्मिक आहे; पण 'डार्क शॅडोज'चा फार मोठा प्रेक्षक शाळेतून धावत घरी येणाऱ्या मुलांचा होता, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्या मुलांच्या हातात ना लाटणे होते ना इस्त्री. एका प्रेक्षकवर्गाच्या श्रमलयीवरून काढलेला निष्कर्ष दुसऱ्या वर्गाला जसाच्या तसा चिकटवणे हे सिद्धान्ताचे उपयोजन नव्हे. ती सिद्धान्ताची उसनवारी आहे.

अ‍ॅलनची गोष्ट अधिक गंभीर आहे. 'स्पीकिंग ऑफ सोप ऑपेराज' (१९८५) मध्ये त्याने दाखवले की एकच बातमी एका पात्राने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगत राहणे हे नवख्याला निव्वळ पुनरावृत्तीसारखे भासते. मुरलेल्या प्रेक्षकाच्या दृष्टीने मात्र कोण कोणाला सांगतो, ऐकणाऱ्याचे त्या बातमीशी काय नाते आहे आणि ऐकल्यानंतर पात्रांच्या परस्परसंबंधांच्या जाळ्यात काय ढळते, यातच कथा असते. घटना पुढे सरकत नसताना संबंध बदलत असतात. हे अगदी खरे आहे. पण ज्या निकषाने समर्थन करायचे त्याच निकषाने दोषही सिद्ध होऊ शकतो, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. अ‍ॅलनने मालिकांना अभय दिलेले नाही, कसोटी दिली आहे. ती 'डार्क शॅडोज'ला लावून पाहू.

१९६८ च्या वसंतात आणि उन्हाळ्यात या मालिकेत 'स्वप्नशापा'चे कथानक चालले. अँजेलिक ही चेटकीण एक स्वप्न सोडते. ज्याला ते पडते त्याने ते ठरावीक दुसऱ्या व्यक्तीला सांगितल्याशिवाय त्याची सुटका नाही. सांगितले की ते ऐकणाऱ्याला पडते. साखळी शेवटी बार्नबसपर्यंत पोचायची आहे. कल्पना उत्तम आहे. एका अर्थी ही अ‍ॅलनच्या निरीक्षणाचीच मूर्त प्रतिमा झाली: सांगण्याची सक्ती, ऐकण्याची बाधा. पण प्रत्यक्षात काय होते? तोच स्वप्नकक्ष, तीच दारे, तेच बोलावणे, दाराआड किंचित निराळे भय. आणि सांगून झाल्यावर सांगणारा मोकळा. पुढच्या भागात त्याच्या मनावर, त्याच्या नात्यांवर त्या सांगण्याचा ओरखडाही नाही. पात्रांची अदलाबदल केली तरी फरक पडू नये इतकी ही साखळी यांत्रिक आहे. संबंधांच्या जाळ्यात काहीच ढळत नाही. केवळ दिवस ढळतात. अ‍ॅलनच्या कसोटीवर हे कथानक नापास आहे, आणि माझ्या विद्यार्थिनीने नेमके हेच उदाहरण 'पुनरावृत्तीच्या काव्यशास्त्रा'चा नमुना म्हणून घेतले होते. मी तो परिच्छेद तपासून सही केली होती.

झेनेतचेही तसेच. एकदा घडलेले अनेकदा सांगणे ही कथनाची एक शक्यता आहे, असे तो १९७२ च्या आपल्या विवेचनात सांगतो. शक्यता आहे, एवढेच. संज्ञा मिळाली की मूल्य मिळाले अशी आपली समजूत झाली आहे. वैद्याने रोगाचे नाव सांगितल्यावर रोग्याने बरे झाल्यासारखे उठून बसावे, तसे आमचे प्रबंध संज्ञेपाशी येऊन उठून बसतात. कथनमीमांसा वर्णनाचे शास्त्र आहे. मूल्यमापन तिच्याकडून उधार मिळत नाही. ते करावे लागते, चुकण्याची जोखीम पत्करून करावे लागते.

या ठिकाणी आपल्याच परंपरेतील एका विचाराकडे लक्ष वेधावेसे वाटते. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या तिसऱ्या उद्द्योतात रसाच्या विरोधी गोष्टींची गणना केली आहे. अवेळी विस्तार, अवेळी विराम यांच्याबरोबरच, परिपोष पावलेल्या रसाला पुन्हा पुन्हा उद्दीपित करणे हाही तेथे दोष मानला आहे. हाताळून हाताळून कोमेजलेल्या फुलासारखी अशा रसाची गत होते, असे तो म्हणतो. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त हा दोष स्वीकारला आणि उदाहरण म्हणून थेट कालिदासाच्या 'कुमारसंभवा'तील रतिविलापाकडे बोट दाखवले. या भूमिकेतील बारकावा पाहण्यासारखा आहे. दोष पुनरुक्तीत नाही. 'परिपोष पावलेल्या'च्या पुनरुक्तीत आहे. जो रस अजून भरलेला नाही त्याला पुन्हा पुन्हा स्पर्श करणे हा दोष नव्हे, कदाचित आवश्यकच. आणि दोषारोप कालिदासावरही करता येतो, त्यासाठी त्याला काव्याच्या प्रांतातून हद्दपार करावे लागत नाही. आमच्या ज्येष्ठांनी एवढे जरी ध्यानात घेतले असते तरी 'अपात्र' हा शब्द त्यांच्या लेखणीतून उतरला नसता. (संस्कृत काव्यशास्त्राचे नाव घेतले की काहींना पुनरुज्जीवनवादाचा वास येतो. येवो. उपयोगी हत्यार कोणत्या कपाटातून निघाले हे मला महत्त्वाचे वाटत नाही.)

हे हत्यार घेऊन मालिकेकडे परत येते. १९६६ च्या शरदातील लेखणीचे प्रकरण घ्या. बिल मलॉय याच्या मृत्यूनंतर किनाऱ्यावर सापडलेली बर्क डेव्हलिनची चांदीची नक्षीदार लेखणी रॉजर कॉलिन्सला गुन्हेगार ठरवील, या भयावर आठवडेच्या आठवडे काढले आहेत. लेखणी सापडते, चोरली जाते, पुरली जाते, उकरली जाते. शेवटी मृत्यूला जबाबदार निघतो वाड्याचा राखणदार. लेखणीचे सारे प्रकरण निष्फळ. आरंभीचे भाग मी तक्रार करीत पाहिले, पण लुई एडमंड्स या नटाने रॉजरच्या भित्र्या उर्मटपणाला जो रंग दिला आहे तो पाहता, भय येथे अजून भरायचे आहे, असे म्हणायला जागा राहते. १९६७ मधील जेसन मॅग्वायरच्या धमक्यांना मात्र ती जागा नाही. जेसन मागतो, एलिझाबेथ नकार देते, तो तळघरात पुरलेल्या नवऱ्याची आठवण देतो, ती नमते. हाच प्रसंग पहिल्यांदा पाहताना भय पूर्ण भरते. चौथ्यांदा पाहताना फूल हातात चुरगळते. शेवटी तळघरात प्रेत नाहीच असे निघते, हा विरोधाभास सुंदर आहे. पण तिथपर्यंत येताना त्याची किंमत वसूल होऊन गेलेली असते.

आणि आता याच लेखकसंघाची, याच वर्षातील, याच गतीची दुसरी बाजू. शवपेटीतून उठलेला बार्नबस मॅगी एव्हान्स या तरुणीला पळवून नेतो आणि तिने जोसेट व्हावे असा हट्ट धरतो. जोसेट ही त्याची शतकापूर्वी मेलेली प्रेयसी. तिचा पोशाख, तिची खोली, तिची संगीतपेटी. ती पेटी पुन्हा पुन्हा वाजते. प्रसंग जेसनच्या धमक्यांइतकाच पुनरावृत्त आहे. पण येथे पुनरावृत्ती कथाकाराची राहत नाही, ती पात्राची होते. बार्नबसला भूतकाळ पुन्हा घडवायचा आहे आणि तो घडत नाही. फ्रॉइडने १९१९ च्या निबंधात अनाकलनीय भयाचा संबंध पुनरावृत्तीच्या आंतरिक सक्तीशी जोडला होता. येथे ती सक्ती पेटीच्या सुरांतून ऐकू येते. पुढे मॅगी निसटल्यावर तो हाच खेळ व्हिक्टोरियाभोवती मांडू पाहतो, तेव्हा प्रेक्षकाला कंटाळा येत नाही, शिसारी येते. आणि त्या शिसारीत थोडी करुणा मिसळलेली असते.

नोव्हेंबर १९६७ मध्ये व्हिक्टोरिया १७९५ या वर्षात फेकली जाते आणि पुढचे चार महिने मालिका तेथेच राहते. शेवट आपल्याला माहीत आहे. जोसेट कड्यावरून उडी घेणार, लहानगी सारा मरणार, बार्नबस पिशाच्च होणार. 'काय होईल' या कुतूहलाला येथे वावच नाही, तरीही हा मालिकेचा सर्वश्रेष्ठ भाग आहे. तेच नट पूर्वजांच्या भूमिकांत येतात. जिला बळाने जोसेट बनवले जात होते ती मॅगी साकारणारी कॅथरिन ली स्कॉट हीच खरी जोसेट म्हणून समोर येते. कुटुंबाच्या इतिहासात नोंद आहे की बार्नबस इंग्लंडला गेला. ती थाप बापाने अब्रू राखण्यासाठी रचली होती, हे आपण घडताना पाहतो. आधी ऐकलेली कथा पुन्हा सांगितली जाते आणि आधीची खोटी ठरते. अभंगातील ध्रुवपद प्रत्येक कडव्यानंतर तेच असते, पण कीर्तनात ते प्रत्येक वेळी नव्या ओझ्यासह परतते. तशी ही पुनरावृत्ती आहे. आपल्याकडे २०१९ मध्ये 'रात्रीस खेळ चाले'च्या दुसऱ्या पर्वाने पहिल्या पर्वाच्या आधीचा काळ मांडला, तेव्हा अण्णा नाईकांचा मृत्यू प्रेक्षकाने आधीच पाहिलेला होता आणि त्या पर्वाचा जोर नेमका त्या पूर्वज्ञानात होता. अशा तुलनेला आमच्या विभागांतून अद्याप कोणी हात घातलेला माझ्या पाहण्यात नाही.

संथपणाच्या मूल्याचा आणखी एक पुरावा मालिकेच्या बाहेर आहे. १९७० मध्ये कर्टिसनेच बार्नबसची कथा 'हाऊस ऑफ डार्क शॅडोज' या चित्रपटात दीडएक तासात बसवली. वेग आला, रक्त आले, बार्नबसचा पश्चात्ताप जवळजवळ गेला. चित्रपटातला बार्नबस हा एक सराईत मारेकरी आहे. मालिकेतही तो मुळात थोड्या काळापुरता खलनायक म्हणूनच आणला होता. प्रेक्षकांना तो हवासा झाल्यामुळे त्याला ठेवणे भाग पडले, आणि ठेवायचे तर नुसते खून पुरेनात म्हणून लेखकांना त्याला लाज, एकाकीपण आणि ज्युलिया हॉफमन ही डॉक्टर मैत्रीण द्यावी लागली. हेतू निखळ व्यापारी होता. परिणाम तसा राहिला नाही. व्यापारी कारणाने जन्मलेली दीर्घता कलात्मक मूल्य धारण करू शकत नाही असे मानणाऱ्याने डिकन्सचेही काही करावे लागेल.

याच व्यापारी अटींनी दुसरीकडे निव्वळ बिघाडही घडवला, हे लपवण्याचे कारण नाही. दररोज एक भाग, जवळजवळ थेट प्रक्षेपणासारखा. फीत थांबवून जोडणे महाग, म्हणून चुका तशाच राहत. नट ओळी विसरतात, कॅमेऱ्यालगतच्या मजकुराकडे नजर टाकतात, वाक्य लांबवतात. कित्येक 'अर्थगर्भ विराम' हे विस्मरणाचे विराम आहेत. माझ्या विद्यार्थिनीने त्यांतील एका विरामावर पाऊण पान लिहिले होते. ते मी आता काढायला सांगितले आहे.

तिने विचारले की मग संथपणाचे समर्थन करायचे की नाही. मी तिला स्वप्नशापाचे कथानक आणि १७९५ चे कथानक शेजारी ठेवून प्रकरण नव्याने लिहायला सांगितले, आणि ज्येष्ठ सदस्यांना उत्तर म्हणून मालिकेचा शेवट वाचून दाखव म्हटले. २ एप्रिल १९७१ चा तो भाग १८४१ या एका समांतर काळात घडतो. त्यात बार्नबस नाहीच, त्याचा नट जोनाथन फ्रिड दुसऱ्याच भूमिकेत आहे. एका तरुणीच्या मानेवर दंशाच्या खुणा आढळतात, आणि मग एक निवेदक पुढे येऊन मोजक्या वाक्यांत सांगतो की तो दंश पिशाच्चाचा नव्हता, जनावराचा होता, आणि कोण कोणाबरोबर सुखाने राहिले. साडेचारशे तासांत या मालिकेने इतकी घाई एकदाही केली नव्हती, आणि तिचा इतका वाईट भागही मी दुसरा पाहिलेला नाही.